स्पिटफायरच्या अंगावरची वाटाणाडाळ

स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचा पहिला नमुना, क्रमांक के ५०५४, ५ मार्च १९३६ रोजी उडाला. त्याच्या पंखांवरचे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे बिनआट्यांचे खिळे, पत्र्याशी अगदी सपाट बसवलेले होते. दिसायला देखणं, पण करायला महाग. प्रत्येक भोकाच्या तोंडाशी पत्रा उतरता करायचा, रिव्हेटचं डोकं त्यात नेमकं बसवायचं, म्हणजे हात चांगला हवा आणि वेळही हवा. गोल डोक्याचे रिव्हेट स्वस्त पडतात आणि झटपट ठोकता येतात. पण ती बारीक टेंगळं हवेला अडवणार. किती अडवतील? आणि विमानाच्या कुठल्या भागावर चालून जातील? हे बघायला आख्खं विमान उसवून पुन्हा ठोकायचं काय?

विमान बनवणाऱ्या सुपरमरीन कंपनीच्या लोकांनी वाटाण्याची डाळ आणली. एकेका सपाट रिव्हेटच्या डोक्यावर डाळीचा एकेक दाणा चिकटवला आणि विमान तसंच उडवलं. वेग ताशी जास्तीत जास्त २२ मैलांनी घटला, म्हणजे साधारण ३५ किलोमीटरनी. मग थोड्या थोड्या ओळी खरवडून काढायच्या, पुन्हा उडवायचं, पुन्हा मोजायचं. असं करत निकाल लागला, की पंखांवर सपाटच रिव्हेट हवेत, धडावर मात्र गोल डोकी खपून जातील.

आमच्या बडोद्यात लोक वाटाण्याच्या उसळीवर मूठभर शेव घालून त्यात पाव बुडवून खातात. त्यामुळे ही हकीकत इथे कुणालाही सांगितली, की ऐकणारा आधी हसतो आणि मग गंभीरपणे विचारतो, “डाळ कच्ची होती की भिजवलेली?”

मी प्लास्टिकची विमानं करतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने करावा असा हा उद्योग नाही, असं घरात मत आहे आणि ते मला मान्यही आहे. त्यातही माझं वेड म्हणजे रिव्हेट. सुपरमरीनच्या लोकांनी जी डोकी हवेला कळू नयेत म्हणून एवढी उठाठेव केली, तीच माणसाच्या डोळ्याला कळावीत म्हणून मी रात्री जेवणं उरकली की कपाळावर भिंग चढवून बसतो. ज्यांनी लपवलं त्यांचा पगार होत असे. मला हे उकरायचे पैसे मोजावे लागतात.

आमच्या लहानपणी दांडिया बाजारातल्या घरी किट यायचं ते कुणी परदेशाहून आणलं तरच. त्या काळच्या एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या १/७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या, विमानांवर रिव्हेट असत, आणि कसे! नाकापासून शेपटीपर्यंत उठावाच्या ठिपक्यांची नुसती रांगोळी. बोट फिरवलं की खरखर लागायची. पुढे जपानी कंपन्यांच्या किटांनी चव बदलली. पत्र्यांच्या जोडरेषा उठावाच्या न राहता खोल कोरलेल्या आल्या आणि रिव्हेट बहुतेक गायबच झाले. विमानं तुळतुळीत झाली. आता काटा पुन्हा उलटा फिरलाय. एडुआर्ड या चेक कंपनीच्या १/४८ स्पिटफायरवर रिव्हेटच्या नाजूक ओळी साच्यातूनच येतात. पण सगळ्याच किटांवर येत नाहीत, आणि जिथे येत नाहीत तिथे माझ्यासारख्यांचं फावतं.

काम करायचं हत्यार अगदी साधं. मूठ, आणि तिच्या टोकाला फिरणारं दातेरी चाक. प्लास्टिकवर दाबून ओढलं की मागे बारीक खळग्यांची ओळ उमटते. आईने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं मी तिचं करंजीचं कातणं पळवलं. तिचं काही अगदीच चुकलं नव्हतं. कातणंही कडेवर एका दमात, एकाच दाबाने फिरवावं लागतं. मध्ये थांबलं की तिथे खूण राहते आणि पारी सरकते. “घाई केलीस की कड फाटते,” हे तिचं वाक्य मी करंजीसाठी ऐकलं आणि स्पिटफायरच्या पंखावर वापरलं. फरक एवढाच, की करंजीच्या कडेला दाते जरा मोठे पडले तर कुणी प्रमाण काढायला बसत नाही.

इथे प्रमाणाशीच गाठ असते. गोल रिव्हेटचं डोकं ५ मिलिमीटर धरलं तर १/७२ मध्ये ते होतं ०.०७ मिलिमीटर. माणसाच्या केसाची जाडी त्याच आसपास. १/४८ मध्ये ०.१, आणि १/३२ च्या दांडग्या मॉडेलवरसुद्धा जेमतेम ०.१६. आता चाकाच्या दात्याने पडणारा खळगा पाव मिलिमीटरचा असेल, तर तो १/७२ मध्ये खऱ्या विमानावरच्या १८ मिलिमीटरच्या खड्ड्याएवढा झाला. असं विमान कुणी धावपट्टीवर आणलं तर तपासणीसाचा रक्तदाब वाढेल. अंतराचंही तेच. दोन रिव्हेटांत एक इंच धरा. १/३२ मध्ये ते ०.८ मिलिमीटर, १/४८ मध्ये ०.५३, १/७२ मध्ये ०.३५. म्हणून एका चाकावर भागत नाही, वेगवेगळ्या अंतराच्या दात्यांची चाकं ठेवावी लागतात.

याहून अवघड हिशेब डोळ्याचा आहे. टेबलावरचं १/७२ मॉडेल आपण साधारण ३० सेंटिमीटरवरून बघतो. त्या प्रमाणात आपण खऱ्या विमानापासून २१.६ मीटर लांब उभे आहोत. एवढ्या लांबून सपाट रिव्हेट दिसतात का? हरणीच्या विमानतळावर बसमधून उतरून विमानाकडे चालताना मी मुद्दाम बघतो. लांबून रंग दिसतो, खिडक्या दिसतात, फार तर पत्र्यांचे जोड दिसतात. जिना चढून दाराशी पोचलो की मग डोळ्यासमोर एकदम शेकडो रिव्हेट उभे राहतात आणि हवाई सुंदरी नमस्कार करत असताना मी दाराच्या चौकटीकडे बघत असतो. सौ. म्हणते, लोकांना वाटतं तू विमान पक्कं आहे का बघतोयस.

मग हिशेबाने पाहिलं तर १/७२ वर रिव्हेट मुळी करूच नयेत. असं ठामपणे म्हणणारे माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांचं गणित बिनचूक आहे. तरीही मी करतो. कारण आपण विमानाकडे नुसतं लांबून बघत नाही. ऊन तिरपं पडलेलं असतं, ठोकलेल्या ओळीपाशी पत्रा किंचित आत ओढलेला असतो आणि दोन ओळींच्या मध्ये जरासा फुगलेला. तेलकट मळ खाचांत बसतो आणि पुसला तरी रेषा धरून राहतो. एकेक रिव्हेट दिसत नसला तरी त्यांच्या ओळीची छाया दिसते. मला पकडायची असते ती ही छाया. त्यामुळे चाक फिरवल्यावर मी बारीक पॉलिश पेपरने पृष्ठभाग इतका घासतो की निम्मी मेहनत पुसली जाते. उरलेल्या खळग्यांत पातळ केलेला तेलरंग सोडायचा आणि हवा ज्या दिशेने वाहील त्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे, फडक्याने पुसून घ्यायचा. काही ठिकाणी ओळ दिसते, काही ठिकाणी हरवते. हरवलेली पुन्हा काळी करायचा मोह होतो. तो आवरायचा. प्रदर्शनात मी अशी मॉडेलं पाहिली आहेत की प्रत्येक खळगा काजळ भरल्यासारखा ठळक. मेहनतीला सलाम, पण ते विमान वाटत नाही, विमानाचा आराखडा वाटतो.

मात्र रिव्हेटचा खरा नाद मला लागला तो दिसण्यापायी नव्हे. रिव्हेट मनाला येईल तिथे ठोकलेला नसतो. वरचा पत्रा आतल्या कशाला तरी धरून असतो, म्हणून तिथे तो असतो. पंखावर पुढून मागे जाणारी ओळ दिसली की तिच्याखाली फासळी आहे. पंखाच्या लांबीने गेलेली ओळ म्हणजे मुख्य तुळई. स्पिटफायरच्या पंखात त्या तुळईच्या पुढे जाड पत्र्याची बंद पेटी आहे. पंख पिळवटू नये म्हणून केलेली. ते पातळ, लंबगोल पंख एवढ्या वेगात टिकले त्यात या पेटीचा मोठा वाटा. हे मी वाचलं होतं, पण कळलं ते ओळी आखताना. तुळईच्या पुढे ओळी एका तऱ्हेने जातात, मागे दुसऱ्या. धडावर उभ्या कड्यांच्या ओळी आणि त्यांना छेदून जाणाऱ्या लांब पट्ट्यांच्या ओळी. शेपटीच्या सुकाणूवर तर पत्राच नाही, ताणून रंगवलेलं कापड आहे, त्यामुळे तिथे चाक फिरवलं की फजिती. आतलं एकही हाड न बघता बाहेरून सगळा सांगाडा वाचता येतो. ओळ दोन मिलिमीटर सरकली तर दिसायला काही बिघडत नाही, पण आतली फासळी सरकते आणि ते मला सहन होत नाही.

याच कारणाने मस्टँगचा विषय निघाला की मी जरा चिडतो. त्या अमेरिकन विमानाच्या पंखाचा पुढचा सुमारे ४० टक्के भाग कारखान्यातच लांबी (पुट्टी) भरून, घासून, रंगवून गुळगुळीत केला जात असे. पंखावरून हवा शक्य तितकी न विसकटता वाहावी म्हणून. रिव्हेट ठोकलेले होते, पण लांबीखाली गडप. आता तिथे कुणी हौसेने चाक फिरवलं, तर त्याने भर घातली की खोडून काढलं? रिव्हेट करणाऱ्याला कुठे करायचे नाहीत हे आधी कळायला हवं. आम्हा हौशी लोकांना हे जड जातं, कारण नवीन हत्यार हातात आलं की सगळं जग मोकळं प्लास्टिक दिसायला लागतं.

चाकाने सगळं होत नाही. इंजिनाच्या झाकणांवर मोठे गोल पकड-स्क्रू असतात, त्यांची कडी उमटवावी लागते. लोक त्यासाठी इंजेक्शनच्या सुईचं टोक घासून सपाट करतात आणि प्लास्टिकवर टेकवून हलकेच फिरवतात. मीही करत असे. मग कुणीतरी सांगितलं की सोनारांकडे याहून चांगलं हत्यार असतं. मांडवीच्या बाजूला घडियाळी पोळात गेलो. खडा बसवताना त्याच्या कडेला सोन्याचा इवलासा मणी उठवायचं पोलादी हत्यार, टोकाला गोल खळगा, वेगवेगळ्या मापांचा संच. कारागीर खाली मान घालून अंगठी घासत होता. मी हत्यार मागितलं, मग राहवेना म्हणून खिशातला प्लास्टिकचा पंख काढून तिथेच एक खूण उमटवून बघितली. त्याने चष्मा वर करून विचारलं, “भाई, नंग क्यां छे?” खडाच नाही म्हटल्यावर त्याने पंख हातात घेतला, माझ्या हातातलं हत्यार घेतलं, आणि मनगट जरासं फिरवून माझ्यापेक्षा स्वच्छ कडी उमटवून दाखवली. मग दुसरी, तिसरी, सगळ्या एका ओळीत, पट्टी न लावता. मी दाबत होतो. तो दाबत नव्हता, नुसता वळवत होता. एवढं शिकायला मी एरवी कितीही पैसे दिले असते. त्याने चहा पाजला.

उठावाचे, म्हणजे गोल डोक्याचे रिव्हेट हा वेगळा प्रांत. त्यासाठी रेझिनचे बारीक ठिपके छापलेले डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे कागद, मिळतात. कापायचे, पाण्यात सोडायचे, ओळीवर सरकवायचे. स्पिटफायरच्या धडाच्या मागच्या भागाला हेच शोभतात, कारण तिथे डाळीने कौल दिल्याप्रमाणे गोल डोकी होती. एकाच विमानावर पुढे खळगे आणि मागे उठाव. दोन्हींचं जमणं कठीण असतं, आणि रंगाचा थर जरा जाड झाला की मागचे सगळे बुजतात.

माझा भाचा विमान-देखभालीचा कोर्स करतो. त्याच्या डोक्यात सध्या एकच इमारत आहे: २८ ऑक्टोबर २०२४ रोजी इथे बडोद्यात उद्घाटन झालेला सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांचा टाटांचा कारखाना. हवाई दलासाठी ठरलेल्या ५६ विमानांपैकी १६ स्पेनहून तयार यायची आणि ४० इथे जोडायची असं ठरलं होतं. माझ्या चाकाकडे बघून तो म्हणाला, “मामा, तुझं बरं आहे. एका बाजूने फिरवलं की झालं. आमच्याकडे पत्र्याच्या दोन्ही बाजूंना माणूस लागतो.”

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मी त्या रात्री हत्यारं आवरून ठेवली आणि नुसता ऐकत बसलो. बाहेरचा माणूस हवेवर चालणारी गन घेऊन रिव्हेटच्या डोक्यावर मारतो, आतला माणूस रिव्हेटच्या शेपटीला पोलादाचा जड ठोकळा लावून धरतो. शेपूट चेपून पसरते आणि पकड बसते. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, आवाजात बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आतला माणूस ठोकळ्याने पत्र्यावर टकटक करतो. एकदा म्हणजे अजून मार, दोनदा म्हणजे ठीक बसला, तीनदा म्हणजे बिघडला, काढून टाक. काही जातीचे रिव्हेट तर फ्रीजरमध्ये ठेवतात. तापवून पाण्यात विझवल्यावर तो मिश्रधातू थोडा वेळ मऊ असतो आणि नुसता बाहेर ठेवला तरी आपोआप कडक होत जातो. थंडीत हे कडक होणं लांबतं. बाहेर काढला की थोड्याच मिनिटांत ठोकायचा, नाहीतर तो तसा कामाचा नाही. आई मध्येच म्हणाली, “म्हणजे आइसक्रीम शेजारी रिव्हेट?” भाचा म्हणाला, “आजी, आमच्या फ्रीजरमध्ये खायचं ठेवलं तर हाकलून देतात.”

“पण मग जोडतात कशाला असं? वेल्डिंग का नाही?” हे तिने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमला त्याची ताकद उष्णतेच्या नेमक्या संस्कारातून मिळालेली असते. वेल्डिंगची आच लागली की जोडाच्या आजूबाजूची ती ताकद उतरते. रिव्हेट थंडच ठोकला जातो, पत्र्याला धक्का लागत नाही. आणि एक रिव्हेट सैल झाला तर तेवढाच काढून बदलता येतो.

थंड रिव्हेटचं वेगळेपण नीट कळायचं तर तापवून ठोकलेले बघायला आमच्या प्रतापनगरच्या रेल्वे संग्रहालयात जावं. बडोदा संस्थानाने १८६२ साली डभोई ते मियागाम नॅरोगेज लाइन टाकली. सुरुवातीला तिच्यावरच्या गाड्या बैल ओढत. त्या नॅरोगेजची परंपरा सांगणारी जुनी यंत्रं तिथे आहेत. वाफेच्या इंजिनाच्या पत्र्यावरचे रिव्हेट बघा: लालबुंद तापवून, भोकात घालून, ठोकून गोल केलेली भरदार डोकी. निवताना ते आक्रसतात आणि दोन्ही पत्रे आणखी घट्ट ओढून धरतात. तिथे लपवाछपवी नाही. ताशी वीस-तीस मैलांच्या गाडीला हवेची कसली पर्वा! मी भाच्याला तिथे घेऊन गेलो तेव्हा तो फोटो काढायचे सोडून डोक्यांवरून हात फिरवत राहिला.

आता टेबलावर जे विमान आहे त्याबद्दल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची १२४ क्रमांकाची स्क्वाड्रन मे १९४१ मध्ये उत्तर स्कॉटलंडमध्ये कॅसलटाउन इथे पुन्हा उभी राहिली. बडोदा संस्थानाच्या देणगीमुळे तिला अधिकृत नाव मिळालं ‘बडोदा’. तेव्हा गादीवर प्रतापसिंहराव गायकवाड होते. सयाजीराव महाराज १९३९ मध्ये गेले होते. या स्क्वाड्रनकडे स्पिटफायर होते, आणि १९४२ पासून त्यातला फार थोडा बनलेला एक प्रकार होता, मार्क ६. खूप उंचावरून येणाऱ्या जर्मन विमानांना गाठण्यासाठी केलेला. पंखांची टोकं लांबवून टोकदार केलेली, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ४० फूट २ इंच, नाकावरचा पंखा चार पात्यांचा, आणि वैमानिकाची खोली हवाबंद. उडण्याआधी वरचं काचेचं झाकण बाहेरून बसवून पक्कं करत; ते मागे सरकवता येत नसे. एरवी स्पिटफायरच्या डाव्या अंगाला जो छोटा दरवाजा असतो, तो इथे काढूनच टाकलेला.

आपल्या गावाचं नाव लावलेलं विमान, आणि मी इतकी वर्षं इतरांची करत बसलो होतो. किट १/४८ चं मार्क ५ घेतलंय. दरवाजाची रेष लांबी भरून बुजवली, पंखांची टोकं जाड प्लास्टिकपट्टीतून कापून जोडली. ओळी आखताना पहिली अडचण या टोकांशीच आली. तिथल्या फासळ्या कुठे येतात ते कळायला हवं, आणि जुन्या फोटोंत त्या बाजूला नेमकी सावली. शेवटी टोकावर ओळी इतक्या हलक्या ठेवल्या की अर्ध्या बुजतील. भाच्याचं म्हणणं, तिथे करूच नकोस, ज्याचा फोटो नाही ते कोरायचं नाही. मी दोन ओळी केल्या. त्यावरून आमचं वाजलंय. स्क्वाड्रनची ओ आणि एन ही अक्षरं कोण चिकटवणार यावरूनही वाजेल असं दिसतं, कारण त्याने डिकलचा कागद आधीच आपल्या दप्तरात टाकलाय.

प्राइमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, अजून बाकी आहे. तो गच्चीवरच मारावा लागतो, घरात वास चालत नाही. पण उद्या उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, त्यामुळे उद्यापासून गच्ची आमच्या हाती नाही. शेजारच्यांनी लाउडस्पीकर बांधलेत, पोरांनी पतंगांना कण्या बांधून ठेवल्यात, आणि “काप्यो छे!”च्या आरोळ्यांत, तिळाच्या चिक्कीच्या चुऱ्यात आणि हवेत तरंगणाऱ्या मांजाच्या दोऱ्यांत प्राइमरचा फवारा मारायचा म्हणजे पंखावर रिव्हेटऐवजी दुसरंच काहीतरी उमटायचं. उत्तरायण होऊ दे, दुसऱ्या दिवसाचं वासी उत्तरायणही होऊ दे. १६ तारखेला बघू.